सपाट चूक

सांगलीत फ्लॅट घेतला तेव्हा किल्ली हातात घ्यायच्या आधी मी बिल्डरचा घाम काढला. प्रत्येक दार लावायचं, दिवा मालवायचा आणि फटीतून उजेड येतो का बघायचं. येत होता. बेडरूमच्या दारातून तर एवढा येत होता की आत बसून पेपर वाचावा. मी त्याला तिथल्या तिथं नापास केलं. तो म्हणाला, काका, दार आहे हे, रॉकेट नाही. बायकोनं कपाळाला हात लावला. तिची तक्रार जुनीच आहे. हा माणूस भाकरीसुद्धा ट्यूबलाइटसमोर धरून बघतो, असं ती माहेरी जाऊन सांगते. हे अतिशयोक्त आहे. भाकरी मी नुसत्या अंगठ्यानं तपासतो.

काय करणार, गुण देणं हा माझा धंदा होता. आयटीआयमध्ये मी फिटर ट्रेडचा निदेशक. निदेशक म्हणजे सरकारी भाषेतला मास्तर. आधी सातारा जिल्ह्यात होतो, मग बदली होऊन कडेगावच्या बाजूला आलो आणि परवा-परवा तिथूनच निवृत्त झालो. शाळेतले मास्तर पेपर तपासतात. घरी नेतात, चहा पीत पीत, टीव्ही बघत बघत मार्क देतात. आम्ही लोखंड तपासायचो. लोखंड घरी नेता येत नाही, आणि अक्षर सुंदर आहे म्हणून त्याला दोन मार्क जास्तही देता येत नाहीत.

आता थिअरीची परीक्षा कॉम्प्युटरवर आली. चार उत्तरांतलं एक निवडायचं. ज्याला काही येत नाही तोही डोळे मिटून बोट ठेवतो आणि पास होतो. पण डोळे मिटून कानस चालवलेला माणूस मी अजून पाहिला नाही. म्हणजे एक पाहिला, त्याचीच गोष्ट सांगायची आहे. पण आधी धंदा समजावून घ्या, म्हणजे गोष्टीत अडखळणार नाही.

परीक्षेला पोराच्या हातात लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि एक ड्रॉइंग द्यायचं. एका पट्टीत खाच पाडायची आणि दुसरी पट्टी त्या खाचेत नेमकी बसेल अशी घडवायची. हत्यारं म्हणजे करवत, कानस, माप घ्यायला व्हर्नियर आणि अंगातली रग. या घडवलेल्या लोखंडाला आम्ही 'जॉब' म्हणतो. सुरुवातीलाच दोन्ही तुकड्यांवर पोराचा नंबर ठोकून टाकायचा, म्हणजे अदलाबदल नको. संपल्यावर तुकडे एकमेकांत बसवायचे आणि खिडकीच्या उजेडाला धरायचे. सांध्यातून दिसणारी उजेडाची रेघ जितकी बारीक, तितके गुण जास्त. रेघच दिसली नाही असं माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच घडलं, आणि त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं.

लोकांना वाटतं, कानस काय, घासली की झालं. घासून बघा. नवशिक्याचं कोपर हलतं आणि कानस झोपाळ्यासारखी वरखाली होते. कडा झिजतात, मधला भाग उंच राहतो. अशा जॉबला 'पोट आलं' म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला कळतं. माझ्या अंगठ्याला केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा कळतो असं मी पोरांना सांगायचो. पाचवा कळत असेल. पण पोरांसमोर अंगठ्याची अब्रू राखावी लागते.

शिराळ्याकडच्या एका पठ्ठ्यानं एकदा असा जॉब आणून दिला की त्यात बघून दाढी करावी. त्याच्या मामाचं मशीनशॉप होतं. मी त्याची पाठ थोपटली, सगळ्या वर्गाला जॉब दाखवला, आणि म्हटलं, बाळा, आता एकच हात आमच्यासमोर मार, या पोरांना कळू दे. नागपंचमीला जिवंत नागाच्या फण्यापुढं बसणाऱ्या गावचा तो गडी. पण कानस त्यानं अशी धरली की मला वाटलं, हा आता सर्पदंशाची लस मागणार. पुढं तो बरा फिटर झाला. मामाला मात्र मी निरोप पाठवला होता, की तुम्ही पास आहात.

तर आता मेजर.

आमच्या भागात पलटणीतून पेन्शनवर आलेला प्रत्येक जण मेजर असतो. हुद्दा काय होता ते विचारायचं नसतं. प्रवेशाच्या दिवशी एक ताठ कण्याचा, पिळदार मिशीचा माणूस सतरा-अठरा वर्षांच्या पोराला घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. मी पोराचा अर्ज घेतला आणि म्हटलं, पालकांनी बाहेर थांबा. तो तसाच सावधान उभा. म्हणाला, "पालक बी मीच हाय आन् पोरगं बी मीच हाय, सर." आणि दुसरा अर्ज पुढं केला. नाव नामदेव. पोराचं नाव सुशांत. बापलेक एकाच तुकडीत.

मी विचारलं, मेजर, या वयात कशाला ही हमाली? त्यानं सांगितलं की घरी आल्यापासून जो तो त्याला कुठल्या ना कुठल्या गेटवर उभं करायला बघतोय. कारखान्याचं गेट, बँकेचं गेट, दवाखान्याचं गेट. जवानी देशाच्या दारात उभं राहण्यात गेली, आता दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही. रस्त्याकडेला आपलं वर्कशॉप टाकायचं, उसाच्या ट्रॉल्या, नांगर, रोटाव्हेटर दुरुस्त करायचे. पाटीवर दोघांची नावं घालायची. मग कागदही दोघांकडं पाहिजे, नाहीतर लोक म्हणणार, बाप पोराच्या जिवावर बसून खातो.

वर्गात त्यानं पहिल्याच दिवशी पोराला बजावलं, की हिथं मी तुझा बाप न्हाई, आन् तू माझ्या बाकड्याकडं फिरकायचं न्हाईस. मी वर्गात शिरलो की तो एकटा असा कडक उभा राहायचा की बाकीच्यांना लाज वाटून तेही उभे राहायचे. माझ्या वर्गाला जी शिस्त होती ती सगळी त्याची. प्राचार्य मला शाबासकी द्यायचे आणि मी घ्यायचो.

पोरगं तर सोन्याचं होतं. काही हात जन्मालाच कानस घेऊन येतात. सुशांतच्या बाकड्याखाली लोखंडाची भुकटी पडायची तीसुद्धा एका रेषेत पडायची. औद्योगिक वसाहतीतल्या एका चांगल्या कंपनीनं त्याला आधीच हेरून ठेवलं होतं. ही परीक्षा पास झाला की लगेच ॲप्रेंटिस. बापलेकांचं ठरलं होतं, की वर्षभर त्यानं तिथली मोठी यंत्रं शिकून यायची, मग पाटी लावायची.

अडचण मेजरची होती. हात पोलादी, अंगठा हुशार, पण मापात चुकायचा. थोडाथोडका नाही, व्हर्नियरवर अख्खा मिलीमीटर चुकायचा. व्हर्नियरवरच्या रेघा मुंगीच्या पायाएवढ्या असतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला त्या चष्म्याशिवाय दिसत नाहीत, दोन रेघांची एक होते. हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं. पण मेजर पलटणीत नेमबाज होता. त्याच्या गावात सांगतात की त्यानं डोंगराच्या पल्याड बसलेल्या कावळ्याचा डोळा अल्याडून टिपला. एवढं लांबचं मीही सांगत नाही. अशा माणसानं चष्मा लावायचा म्हणजे गावानं काय म्हणायचं?

मी माझा चष्मा त्याच्या बाकड्यावर विसरायला लागलो. रोज विसरायचो. रोज तो टाचा जुळवून माझ्या टेबलाशी यायचा, "सर, चष्मा ऱ्हायला," आणि सलाम ठोकून परत जायचा. शेवटी पोरं म्हणायला लागली की सरांना विसराळूपणाचा आजार झाला, आणि एकानं मला बदाम आणून दिले.

पण मग मेजरचे जॉब सुधारायला लागले. जिथं लोखंड उंच राहिलं असेल नेमकं तिथं त्याच्या जॉबवर खडूची बारीक खूण दिसायची. तो तेवढं घासायचा आणि माप बसायचं. एकदा मला म्हणाला, तुमच्या खुणांनी लय आधार झाला, सर. खुणा माझ्या नव्हत्या. मेजर चहाला बाहेर गेला की सुशांत गुपचूप जाऊन बापाच्या जॉबला व्हर्नियर लावायचा, खूण करायचा आणि आपल्या बाकड्यावर परत येऊन मख्ख चेहरा करून उभा राहायचा. मी मेजरला म्हटलं, माझं कामच आहे ते. दुसऱ्याचं श्रेय घ्यायला मी कधी लाजलेलो नाही.

अशी दोन वर्षं निघाली आणि शेवटची परीक्षा आली.

बाहेरचा परीक्षक म्हणून मगदूम सर आले. मिरजेकडचे, जैन, स्वभावानं काटकोन तपासायच्या गुण्यासारखे सरळ. आमच्या पोरांचा एक समज आहे, की परीक्षकाला तांबड्या रश्श्याचं जेवण घातलं की त्याला उजेडाची रेघ बारीक दिसते. मगदूम सरांसमोर ही विद्या चालत नाही. मटण सोडा, कांदासुद्धा नाही. शिवाय दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून परीक्षा घड्याळावर नाही, सूर्यावर चालायची. मला ते आवडायचे. आम्ही दोघांनी मिळून जेवढी पोरं नापास केली तेवढ्यांत एक पलटण उभी राहील.

परीक्षेला मुद्दाम लांब लांब बाकडी दिली होती. मेजर एका टोकाला, सुशांत दुसऱ्या. सुरुवातीच्या आखणीत मेजरला धोका नव्हता. आखणीचं माप आम्ही एकदा लावून ठेवतो आणि सगळी रांग त्याच मापावर रेघा ओढते. मग त्या रेघेवर ठोकून बारीक ठिपके पाडायचे, म्हणजे घासताना रेघ पुसली तरी ठिपके राहतात. खरी कसोटी त्याच्या पुढं होती. खडूची खूण करायला आज कुणी येणार नव्हतं.

जेवणाची सुट्टी संपली आणि मग मी ते पाहिलं. मेजरनं व्हर्नियर हातात घेतला. जॉबला लावला. डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. मग शांतपणे पुसला, त्याच्या पेटीत ठेवला आणि पेटीचं झाकण लावलं. वर्कशॉपच्या दुसऱ्या टोकाला सुशांतचा हात थांबला होता. त्यानंही ते पाहिलं होतं. तो बराच वेळ बापाकडं बघत राहिला. मग मान खाली घालून त्यानं कानस उचलली.

दुपारी जॉब जमा झाले. मगदूम सर मापं घेत होते, मी लिहीत होतो. मेजरचा जॉब त्यांनी दोनदा मोजला. माप दोन्ही बाजूंनी मर्यादेत. सांध्यातली रेघ जाडसर, पण चालणारी. म्हणाले, "हा तुमचा फौजी का? बसला की हो."

कसं जमलं ते मी नंतर त्याच्याकडूनच ऐकलं. व्हर्नियर दिसत नाही म्हटल्यावर त्यानं तो नादच सोडला. आखणीचे ठिपके तो नखानं चाचपत होता. अर्धा ठिपका झिजला की हात थांबवायचा. आणि सांधा बघायला जॉब हातभर लांब, खिडकीकडं धरायचा. लांबचं त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं दिसत होतं. त्यानं परीक्षा सोडली नव्हती, फक्त हत्यार बदललं होतं.

मग सुशांतचा जॉब आला. मगदूम सरांनी तुकडे जुळवले आणि ते माझ्याकडं बघायला लागले. खाचेत बसणारा तुकडा गदागदा हलत होता. त्या फटीतून मांजर शेपटी वर करून गेलं असतं. ते म्हणाले, "तुमचा हुशार म्हणतात तो हाच?"

मी तुकडा हातात घेतला आणि अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग मगदूम सरांच्या हातात दिला. त्यांनीही फिरवला, सपाट लादीवर ठेवून बघितला, गुण्या लावला. पोट नाही, उतार नाही, कोपरे काटकोनात. ज्याला येत नाही त्याची चूक वाकडी असते. घाई झालेल्याची चूक एका टोकाला असते. ही चूक या कडेपासून त्या कडेपर्यंत आरशासारखी सपाट होती. एवढं जास्तीचं लोखंड इतकं एकसारखं काढायला फार चांगला हात लागतो. सुशांतनं आपला जॉब मुद्दाम बिघडवला होता, आणि बिघडवतानासुद्धा त्याच्या हाताला वाईट काम करता आलं नव्हतं.

मी मगदूम सरांशी भांडलो. फिनिशिंगला गुण आहेत, काटकोनाला आहेत, बघा ना कुठं जमतंय का. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "सर, माप चुकलंय. का चुकलंय त्याला रकाना नाही." आणि मला माहीत होतं की ते बरोबर आहेत. काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही, या धंद्यातली सगळ्यात निर्दय गोष्ट तीच आहे.

निकाल आधी सांगायचा नसतो. तो सगळे सांगतात. बाकीची पोरं गेल्यावर मी दोघांना थांबवून घेतलं आणि सांगितलं. मेजर, तुम्ही पास. सुशांत, तू राहिलास.

मेजरनं टेबलावरचा पोराचा जॉब उचलला. मला वाटलं, आता खिडकीकडं धरून बघणार. त्यानं धरला नाही. नुसता अंगठा फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सावकाश. मग म्हणाला, "ह्येला पोट न्हाई, सर."

मगदूम सरांनी जेवणाचा डबा सोडता सोडता हात थांबवला.

"ही चूक न्हाई," मेजर म्हणाला आणि पोराकडं वळला. "का रं?"

सुशांत जमिनीकडं बघत होता. "तुमी व्हर्नियर पेटीत ठेवला. मला वाटलं, सोडलं तुमी."

"मग?"

"तुमी एकटं राहिला असता तर परत आलाच नसता, आप्पा. कुठल्या तरी गेटवर जाऊन उभं राहिला असता. मी बी राहिलो तर माझ्यासंगं तरी फेरपरीक्षेला याल म्हटलं."

मेजरनं तुकडा टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला.

"मला दिसत न्हाई, हे तुला ठाव हुतं?"

"व्हय. त्या खडूच्या खुणा माझ्याच हुत्या. आन् तुमाला ठाव न्हवतं व्हय, दिसत न्हाई ते?"

"मला ठाव हुतं," मेजर म्हणाला. "तुला ठाव हाय, ह्ये ठाव न्हवतं."

आणि मग त्या माणसानं माझ्यासमोर टाचा जुळवल्या. "सर, मला बी नापास करा. फेरपरीक्षेला दोघं बसतो."

आता मी कसलेला माणूस आहे. मला मार्कांसाठी आमदारांचे फोन आले आहेत, नवसाचे नारळ आले आहेत, एकदा तर दुभती शेळी वर्कशॉपच्या दाराला बांधलेली सापडली. पण नापास करा म्हणून अर्ज करणारा माझ्याकडं दुसरा कुणी आला नाही. त्याला उत्तर दिलं मगदूम सरांनी. डबा खाली ठेवून, मेजरसमोर उभे राहून.

"फौजी, नापास व्हायला पोट असलेला जॉब लागतो. तुम्ही आत्ता नुसत्या अंगठ्यानं पोराचा जॉब वाचलात. मी तुम्हाला नापास कसं करू?"

बाहेर ऊन उतरलं होतं. दिवस मावळायला आला होता आणि मगदूम सर जेवले नव्हते. त्यांना मी इतकी वर्षं ओळखत होतो, सूर्य हातचा जाऊ दिलेला मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी ते उपाशीच मिरजेला गेले.

कंपनीची त्या वर्षीची जागा गेली. ती काही थांबली नाही, कंपन्या थांबत नसतात. मेजरनं पुढच्याच आठवड्यात कराडला जाऊन चष्मा करून आणला. फेरपरीक्षेच्या सरावाला सुशांत आला तेव्हा बापही खाकी कपडे घालून रांगेत उभा. मी म्हटलं, मेजर, हजेरीपटावर तुमचं नाव नाही आता. तो म्हणाला, नाव नसू द्या सर, मी काय शिकायला आलो न्हाई, उभा ऱ्हायला आलोय. मग तो पोराच्या शेजारच्या बाकड्यावर उभा राहायला लागला. संस्थेचं एक मोडकं ड्रिल मशीन दुरुस्त करून दिलं, दोन खिडक्यांच्या कड्या बसवल्या. पोराच्या कामाला मात्र हात लावला नाही. मध्येच कधीतरी चष्मा पुढं करायचा, हे बघ रं, रेघा दोन दिसत्यात आता, आणि सुशांत इतका हसायचा की त्याची कानस थांबायची.

फेरपरीक्षेच्या दिवशी त्याला आत घेता येणार नव्हतं. नियम म्हणजे नियम, आणि परीक्षक पुन्हा मगदूम सर. मी म्हटलं, मेजर, घरी जा, संध्याकाळी फोन करतो. तो गेला नाही. वर्कशॉपच्या समोर पटांगण आहे, त्याच्या पार पलीकडं कंपाउंडला टेकून उभा राहिला. तिथून आमच्या उघड्या शटरमधून आतलं एक बाकडं दिसतं. सुशांतला ते बाकडं कुणी दिलं, हे मला विचारू नका. मगदूम सरांनीही विचारलं नाही.

दिवसभर तो तिथं होता. जेवायला हलला नाही. चष्मा खिशात ठेवलेला, हात पाठीमागं.

जॉब जमा झाल्यावर मी पाणी प्यायच्या निमित्तानं पटांगण ओलांडून त्याच्यापाशी गेलो. मापं अजून घ्यायची होती, निकाल मलाही ठाऊक नव्हता. मी विचारलं, काय वाटतं, मेजर?

तो अजून शटरकडंच बघत होता.

"पास हाय, सर," तो म्हणाला. "सकाळपास्नं त्याचं कोपर हललं न्हाई."